हातांवर बसायची शिक्षा

सोमवार, ६

आणि बसायला खुर्ची घेतली ती कुठली, तर माझ्या पोरांची. एवढीशी, लाल, लाकडाची. मी मोठी खुर्ची मुद्दाम आणून ठेवली होती, ओल्या फडक्यानं पुसून. "नको, मी इथेच बरी," म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली ती बसलीच. गुडघे कानांना लागले. लांबलचक बाई, मान लांब, नाक लांब, कपडे पांढरे, पापणी म्हणून हलत नाही. बगळा पाण्यात उभा राहून मासा टिपतो ना, तशी. मी तिथंच नाव ठेवलं, बगळीण. मांडीवर फळी, फळीला कागद, हातात पेन्सिल. सकाळपासून सुट्टीपर्यंत तोंडातून शब्द नाही. घरी मीटर बघायला माणूस येतो, तोसुद्धा निदान पाणी मागतो.

शनिवारी मी चटया गुंडाळत होते तेव्हा मोठ्या बाई दारात आल्या. आमच्या बालवर्गाच्या मुख्य त्या. म्हणाल्या, वरच्या कार्यालयातून एक निरीक्षक बाई येणार आहेत तुमचं शिकवणं बघायला, घाबरू नका. घाबरू नका असं कुणी म्हटलं की समजावं, घाबरण्यासारखं काहीतरी आहे. होतंच. नवा नियम आलाय. ज्या ताईकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र नाही, तिचं काम ही बाई तीनदा बघणार, आणि मग ती वर्गात राहणार की नाही ते ठरणार. नाही ठरलं तर चटया, भांडी आणि ओल्या चड्ड्या. म्हणजे मदतनीस. आमच्या इमारतीत प्रमाणपत्र नसलेली ताई एकच आहे, मी. म्हणजे नियम सगळ्यांना आणि बगळीण मला.

चौथीत शाळा सोडली हे मी कधी लपवलं नाही. पण माझी लेक या छोट्या वर्गात होती तेव्हापासून मी इथं आहे, आणि आता ती लग्न होऊन तिच्या घरी गेली. मिशीवाले बाप्ये रस्त्यात मला बघून अजून नाक पुसतात.

मग मीही दाखवलं बगळिणीला. माझा वर्ग सगळ्यात चपळ. बूट निघाले, पिशव्या खुंटीला लागल्या, हात धुतले, गोल करून बसलीसुद्धा, तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं अजून जमिनीवर लोळत होती आणि एकानं बूट डोक्यावर घातला होता. तो वर्ग नव्या ताईचा. प्रमाणपत्रवाली आहे ती. माझ्याकडे रेंगाळणं नाही. बूट? हा निघाला. दुसरा? हा निघाला. आज वार कुठला? सोमवार, शाब्बास. बाहेर काय पडलंय? ऊन पडलंय, शाब्बास. फटाफट. बगळीण लिहीत होती. लिही म्हटलं, हात दुखेपर्यंत लिही.

एक वही मोठ्या बाईंनीच दिली. सगळ्या ताईंना दिली, रोज वर्गात काय झालं आणि मनात काय आलं ते लिहा म्हणून. त्या वाचणार आहेत म्हणे. मी ही दुसरी विकत आणली. त्यांच्या वहीत लिहिते, आज मुलांनी छान रंगवले. मनात येतं ते या वहीत.

घरी आले तर दारात लेक उभी, मोठी बॅग घेऊन. "आई, मी," एवढं म्हणाली. मी म्हटलं कळलं, जावई कामाला बाहेरगावी गेले आणि तुला एकटीला करमेना. ये आत. चप्पल बाजूला काढ.

मंगळवार, ७

पोरांची नावं मी लिहीत नाही. आमच्याकडे प्रत्येक पोराच्या खुंटीवर एक चित्र असतं, अजून वाचता येत नाही म्हणून. मी हाकही चित्रावरूनच मारते. छत्री, मासा, किल्ली, बदक. त्यांनाही आवडतं.

एक आहे गोगलगाय. मागून आली म्हणून उरलेलं चित्र मिळालं. तिची आजी आणून सोडते. आल्या दिवसापासून पोरीनं तोंड उघडलेलं नाही. आजी म्हणते घरी बडबड करते. आज्या सगळ्या असंच म्हणतात. मी म्हणते, गोगलगाय नि पोटात पाय. हजेरीला तिचं हजर मीच म्हणते. डबा मीच उघडते. पाणी हवं का, हवं, हे घे. आणि घरी जाताना बूट घालू देत नाही. पाय आखडते, बोटं वळवून घेते. मी टाच धरून दाबते आणि बक्कल लावते. हट्ट तिथल्या तिथं मोडला नाही तर पोर डोक्यावर बसतं.

लेक दिवसभर खिडकीत बसून होती म्हणे. सांगितलं, उद्यापासून भाजी तू निवड, मन रमेल.

शुक्रवार, १०

बगळिणीनं आज सामानाच्या खोलीत बोलावलं. रंगाच्या बाटल्या, कागदाचे गठ्ठे आणि मधे आम्ही दोघी. आधी गोड गोड. पोरं तुमच्याकडे धावत येतात. कुणाचा कान दुखतोय ते तुम्हाला न सांगता कळतं. मी 'पण' ची वाट बघत होते. आलाच.

"पण तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता."

मी म्हटलं मग कोण देणार, ती तीन वर्षांची आहेत.

"तीच देतील. वेळ लागेल."

मी विचारलं, वेळ कुठून आणू, तुमच्या कार्यालयातून? सुट्टीच्या वेळी फाटकाशी आया उभ्या असतात, त्यांना काय सांगू, तुमचं पोर अजून विचार करतंय? ती हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, एक युक्ती सांगते, मलाही एका बाईंनीच शिकवली होती. प्रश्न विचारला की स्वतःच्या हातांवर बसायचं. तळवे मांडीखाली. हात बांधलेले असले की माणूस घाई करत नाही.

माझ्या वयाच्या बाईनं हातांवर बसायचं. आम्ही लहानपणी मस्ती केली की मास्तर अशी शिक्षा द्यायचे. मी तोंडावर सांगितलं, ज्या हातांनी एवढी पोरं मोठी केली त्यांच्यावर बसायला मला लाज वाटेल. ती म्हणाली, विचार करा. यांना प्रत्येक गोष्टीचा विचारच करायचा असतो. उंटावर बसायचं आणि तिथून शेळ्या हाकायच्या.

रविवार, १२

लेक म्हणाली, आई, मला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हटलं मला माहीत आहे काय ते. जावयांना इकडं जवळ बदली हवी आहे, तुझ्या बाबांच्या छापखान्याच्या मालकाची ओळख आहे, ते टाकतील शब्द. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि गच्चीवर कपडे आणायला गेली. माझं बरोबरच असणार. चूक असतं तर बोलली असती.

यांना म्हटलं, तुम्ही तरी लेकीशी दोन शब्द बोला. यंत्रांच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळे हे फक्त 'हं' एवढंच बोलतात. म्हणाले, काय बोलू? मग काय बोलायचं तेही मीच सांगितलं. हे म्हणाले, हं.

तिची बॅग अजून बंद आहे, पलंगाशी भिंतीला लावून. त्यातूनच एकेक कपडा काढते आणि धुऊन पुन्हा त्यातच ठेवते. कपाटात मी जागा करून दिली आहे, तरी. माझ्याच पोटची आणि इतकी आळशी.

मंगळवार, १४

उद्या बगळीण दुसऱ्यांदा येणार. पोरांनी उत्तर द्यायला हवं ना? देतील. कालपासून घोटून घेतलंय. आकाशाचा रंग कुठला, निळा. मासा कुठं राहतो, पाण्यात. तुला पाय किती, दोन. गाय काय देते, दूध. चारही प्रश्न एकापाठोपाठ, आणि उत्तरं अशी खणखणीत की शेजारून नवी ताई डोकावून गेली. गोगलगायीला बदक आणि छत्रीच्या मधे बसवलंय, म्हणजे तिचं तोंड बंद असलेलं कळणार नाही.

बुधवार, १५

सगळं सुरळीत होणार होतं. पोरं गोल करून बसली होती, केस विंचरलेली. मी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि एवढे दिवस मुकी असलेली ही बाई नेमकी आज बोलली. बदकाकडे वाकून विचारलं, तुझं नाव काय?

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, निळा.

ती म्हणाली, बरं, आज तुम्ही कुणाबरोबर आलात?

पाण्यात.

मी डोळे वटारले, पण पोरं रंगात आली होती. तिनं विचारलं, आता तुम्ही काय खेळणार आहात? दोन, म्हणाली. मग ती गप्प बसली तर पोरांनी वाट बघितली, एकमेकांकडे बघितलं, आणि न विचारताच ओरडली, दूध.

माझ्या मते पोरांचं काही चुकलं नाही. क्रम त्यांनी बरोबर ठेवला होता. प्रश्न तिनं भलतेच विचारले.

एक गोष्ट मात्र बरी झाली. सकाळी माशानं लाल खुर्चीला आणखी लाल रंग फासला होता आणि मला सांगायचं राहून गेलं. बगळीण उठली तेव्हा मागून पिकलेल्या टोमॅटोसारखी दिसत होती. जाताना मला म्हणाली, रंग छान आहे. टोमणा असेल. असणारच.

गुरुवार, १६

मोठ्या बाईंनी उभं करून ऐकवलं. मुलं म्हणजे पोपट नाहीत. पुढच्या गुरुवारी तिसरी आणि शेवटची वेळ, त्यानंतर ठरेल. चटया-भांडी करणारी मदतनीस काम सोडून घरी बसली आहे, ती जागा रिकामीच आहे, असंही म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

व्हरांड्यात नव्या ताईनं गाठलं. "ताई, मी काही मदत करू का?" म्हटलं, आधी तुझ्या वर्गातले बूट शोध. ती गेली. चेहरा पडला होता तिचा. पडू दे. आयुष्यभर मी पोरं सांभाळली आणि आता मला कालची पोर सांभाळणार.

रविवार, १९

बातमी आहे. कुणी सांगायला नको, मला कळतं. लेक जेवत नाही, मधेच डोळे भरून येतात, फोन वाजला की बंद करून उशीखाली घालते. मी शेजारणीला सांगूनही टाकलं. ती लगेच आली आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाली, अभिनंदन गं, आता दोघांचं जेव. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग न्हाणीघरात गेली आणि कडी लावली ती कितीतरी वेळ उघडली नाही. शेजारीण म्हणाली, या दिवसांत असं होतंच. मीही तेच म्हटलं.

हे दाराबाहेर जाऊन उभे राहिले. नुसते उभे. मी म्हटलं, तिथं काय खांब झालात, बाजूला व्हा. बाजूला झाले नाहीत.

सोमवार, २०

लेकीनं भांडी घासली. मी परत घासली.

बुधवार, २२

वर्गात डोकं लागत नाही. पोरं मला ताई म्हणून हाक मारतात तेव्हा वाटतं, पुढच्या आठवड्यात या चटया पसरायला मी येणार आणि पसरून बाहेर जाणार. दाराबाहेरून आवाज ऐकायचा. कुणी पडलं तर आत यायचं, पुसायचं, पुन्हा बाहेर. आत कोण असणार, तर कुणीतरी प्रमाणपत्र भिंतीला लावलेली.

सोडणार नाही मी हा वर्ग. बगळिणीच्या नाकावर टिच्चून सोडणार नाही.

गुरुवार, २३

आज मी ठरवून गेले होते. हातांवर बसा म्हणते ना, बसते. वर्गाचा पार विचका होऊ दे, आणि तो तिच्याच कागदावर तिच्याच पेन्सिलीनं लिहू दे. मग मोठ्या बाईंना म्हणेन, हे बघा, हिचं शहाणपण.

पोरं आली. मी मधोमध चटईवर बसले, तळवे मांडीखाली घातले आणि म्हटलं, "बूट." आणि थांबले.

कुणी हललं नाही. पाय माझ्याकडे पुढे करून उभी राहिली सगळी, रोजच्यासारखी. मग मासा खाली पडून लोळायला लागला. किल्ली रडली. छत्रीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि बाकीच्यांना सांगितलं की ताई तापली नाहीये. शेजारच्या वर्गाचे हात धुऊन झाले, आमचा एक बूट निघाला नव्हता. असं या इमारतीत पहिल्यांदा झालं. नवी ताई दारातून बघून गेली. हसली नाही, तेवढं तिचं नशीब.

मी विचारलं, आज वार कुठला? बदक म्हणाला, केळं. मी जीभ दाताखाली धरली. छत्री म्हणाली, नाही रे, केळं काल होतं. मग दोघांचं जुंपलं. डब्यात केळं असलं की बुधवार आणि उकडलेलं अंडं असलं की गुरुवार, असा त्यांचा हिशेब आहे. डबे उघडून बघितले आणि गुरुवार ठरवला. माझी पोरं भांडतात ते मला माहीत होतं. वारावरून भांडतात ते माहीत नव्हतं. बगळीण कोपऱ्यात, मोठ्या खुर्चीत. या वेळी तिनं शहाणपणानं खुर्ची बदलली होती.

सगळ्यात शेवटी गोगलगाय. खुंटीखाली बूट घालून तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि गप्प राहिले. माझे हात खाली वळवळत होते, मांडीला मुंग्या आल्या. मग ती खाली बसली. एक बक्कल काढलं. परत लावलं. परत काढलं. मला ओरडावंसं वाटत होतं. बूट निघाला तेव्हा तिनं आत हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि बूट घेऊन चालत माझ्यासमोर आली. माझ्या नाकाखाली धरला.

"हा टोचतो."

आवाज जाडसर आहे तिचा. मला वाटलं होतं बारीक असेल.

तेव्हा मी हात काढले. बुटातला तळ सुटून गोळा झाला होता आणि त्याच्याखाली एक मणी. पिवळा. आमच्याच ओवायच्या डब्यातला. तिच्या टाचेला लाल चट्टा, मधे घट्टा पडलेला. मी विचारलं, रोज? आणि पुन्हा हातांवर बसले, का ते मलाही माहीत नाही.

तिनं टाच चोळली. मग म्हणाली, "घरी जाताना जास्त."

बगळिणीची पेन्सिल हलत नव्हती. लिहायचं तेव्हा लिहीत नाही ही बाई.

दुपारी फाटकात तिच्या आजीला धरलं. चांगलं झापलं. पोरीच्या पायाला घट्टा पडेपर्यंत तुम्हाला दिसत नाही? म्हातारी कावरीबावरी झाली, म्हणाली, मी सकाळी बक्कल सैल लावते, ती काही बोलली नाही. पोर बोलली नाही म्हणून काय झालं, डोळे नाहीत? पाय आखडते तेव्हा कळत नाही? रोज बूट घालतं तरी कोण तिला? सकाळी आजी. दुपारी.

दुपारी आमच्याकडे घाई असते. बाहेर आया उभ्या असतात.

मणी डब्यात टाकायचा राहिला. माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे.

शुक्रवार, २४

पुन्हा सामानाची खोली. मी बसायच्या आधीच म्हटलं, काय ते सांगून टाका, मला भिजत घोंगडं आवडत नाही. ती म्हणाली, मला जे म्हणायचं ते मी मोठ्या बाईंना सांगितलंय, ठरवायचं त्यांनी. मग मला कशाला बोलावलंत?

"काल तुम्हाला काय दिसलं?" असं विचारलं तिनं. फळी बाजूला ठेवली. आणि स्टुलावर बसून दोन्ही तळवे मांडीखाली घातले.

माझंच औषध मला. म्हणजे तिचंच, पण मला.

मी म्हटलं वर्गाचा सत्यानाश दिसला. ती गप्प. म्हटलं पाणी प्यायला उशीर झाला. ती गप्प. म्हटलं छत्री पुढे वकील होणार. थोडी हसली, पण गप्प. मी बोलायची थांबले तरी तिनं पुढचं बोलून टाकलं नाही. मला आठवत नाही असं माझ्यासमोर कोण कधी बसलं होतं. मोठ्या बाई मला सांगतात, हे हं म्हणतात, आया फाटकातून ओरडतात. विचारून गप्प बसत कुणी नाही.

मग बुटाचं बोलले. आणि बुटाचं बोलता बोलता तोंडातून निघून गेलं की माझी लेक घरी आली आहे आणि बॅग उघडत नाही. परक्या बाईला घरातलं सांगायची माझी रीत नाही. तिनं विचारलं, "तिला विचारलंत?" मी म्हटलं विचारायचं काय त्यात, मला माहीत आहे.

खोलीत तेवढंच वाक्य राहिलं. ते खाली पडेना.

मी उठून आले. दार जोरात लावलं.

रविवार, २६

दुपारी लेक भाजी निवडत होती. हे पेपर घेऊन खिडकीशी. मी तिच्यासमोर बसले, हातांवर, आणि विचारलं, बॅग का उघडत नाहीस?

तिचे हात थांबले. माझ्या जिभेवर तीन उत्तरं आली होती. तिन्ही गिळली. एक तर घशात अडकलं.

"आई, तुझे हात दुखतायत का?"

नाही म्हटलं. तू बोल.

ती बोलली. आधी थोडं, मग मधेच थांबली आणि माझ्याकडे बघितलं, मी आता तोडणार म्हणून. मी तोडलं नाही. मग सगळं बोलली. काय बोलली ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहिते की जावई बाहेरगावी गेलेले नाहीत. बातमीही नाही. आणि ती तिकडे परत जाणार नाही. मला तिथल्या तिथं उठून त्या माणसाच्या दारात जायचं होतं. गेलेही असते, पण दोन्ही हात बधिर झाले होते, उठायला टेकवता येईनात.

यांनी पेपर खाली केला तेव्हा मला तोंडावरून कळलं. यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तोफ डागली, मला का नाही सांगितलं?

"मी तीनदा सुरुवात केली होती," हे म्हणाले.

एवढं लांब वाक्य यांनी या वर्षात बोललेलं मला आठवत नाही.

मग मी उठले, बॅग ओढली आणि कपडे कपाटात लावायला घेतले. लेक म्हणाली, राहू दे आई, मी लावते. तिनं लावले. वेडेवाकडे लावले, जड कपडे वर आणि हलके खाली. एकदा तर माझा पाय उठायला लागला होता. मी पलंगावर बसून बघत राहिले. कशावर बसले होते ते लिहायला नको.

शेजारणीला उद्या मीच सांगणार. काय सांगायचं ते लेकीला विचारून.

सोमवार, २७

आज सुट्टी झाल्यावर मोठ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, बघू. मी म्हटलं कधी बघू? म्हणाल्या, बघू ना, घाई काय आहे. मला म्हणतात घाई काय आहे.

तेव्हा हे पान मी इथून फाडून त्यांच्या दाखवायच्या वहीत चिकटवणार आहे. वाचायला घेतात ना, वाचू देत.

मोठ्या बाई, बघायचं काम झालेलं आहे. बगळीण तीनदा बघून गेली. बगळीण म्हणजे तुमच्या निरीक्षक बाई, आणि हे नाव त्यांना सांगितलंत तरी माझी हरकत नाही. चटया गुंडाळायची मला लाज नाही, त्या मी रोज गुंडाळते. पण वर्गाबाहेर उभी राहून गुंडाळणार नाही. आज हजेरीला गोगलगायीनं हजर म्हटलं नाही. मीही तिच्यासाठी म्हटलं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो, बाकीची पोरंही आमच्याकडे बघत बसली, आणि मग तिनं हात वर केला. अर्धा. उद्या काय करेल ते तिलाच माहीत. ते बघायला तिथं मी पाहिजे. प्रमाणपत्रवाली येईल ती पहिल्या दिवशी तिला मुकी समजेल. मला हे ठाऊक आहे, कसं ते विचारू नका.

आजपासून आमचे बूट उशिरा निघतील आणि उशिरा चढतील. फाटकातल्या आयांना ते तुम्ही सांगायचं, मी नाही. गोगलगायीच्या आजीशी मात्र मी स्वतः बोलणार आहे, ते माझं आहे. बगळिणीला पुन्हा यायचं असेल तर येऊ दे, दर आठवड्याला येऊ दे. लाल खुर्चीचा रंग वाळलाय. पण आली की तिनं नुसतं लिहायचं नाही, मला विचारायचं, आणि विचारलं की थांबायचं, परवासारखं. नवी ताईही वाटलं तर येऊन बसू दे. ते वार ठरवायचं डब्यावरून कसं चालतं, ते तिनं बघितलेलं बरं.

मी वर्गात राहणार की नाही? हा प्रश्न मी विचारला आहे आणि आता हातांवर बसले आहे. बघू हे उत्तर नाही. शुक्रवारी सुट्टीची घंटा व्हायच्या आत मला हो किंवा नाही पाहिजे, तुमच्या तोंडून, माझ्या समोर उभं राहून. तोवर मी मधे एक शब्द बोलणार नाही.

शनिवारी बोलेन.